जाऊ?

किल्ला बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, स्वच्छतागृह कुठे आहे. त्यानंतर विचारतो, इथे भूत आहे का. पहिल्याचं उत्तर मी हाताने दाखवते आणि दुसऱ्याचं "नाही" असं देते. पाहण्यासारख्या मध्ययुगीन किल्ल्यांची जी चकचकीत पुस्तकं मिळतात, त्यांत आमच्या किल्ल्याला अर्धं पान असतं, आणि त्यातलाही बराच मजकूर ऐकीव असतो. बुरुजातला जिना उजवीकडे वळतो तो वरून तलवार चालवणाऱ्याच्या सोयीसाठी, असं त्यात छापलंय. मी हे कधीच सांगत नाही. कुणाच्या सोयीसाठी ते बांधणारा जाणे. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच मी बोलते.

धाकटी मात्र सांगते. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. ती जिन्याच्या पायरीवर उभी राहते, हातात नसलेली तलवार उपसते आणि एखाद्या ढेरपोट्या पर्यटकाला खालच्या पायरीवर उभा करून म्हणते, "हं, आता करा वार!" माणसं हसून बेजार होतात. त्याच वेळी मी माझा घोळका घेऊन शेजारून जात असले, की माझी माणसं माना वळवून तिकडे बघतात. मागच्या रांगेतला एखादा हळूच तिच्या घोळक्यात सरकतो. मला ते दिसत नाही असं त्याला वाटतं.

तिला ही नोकरी मीच मिळवून दिली. लग्न होऊन आली तेव्हा ती दिवसभर घरात गुणगुणत असायची. सासूबाई म्हणाल्या, "हिलाही ने की तुझ्याबरोबर. घरात बसून काय करील?" मी अधीक्षक साहेबांकडे शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

तिचा आवाज चांगला आहे, हे मी नाकारत नाही. खालच्या पट्टीतला, थोडा ओलसर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा. माझा आवाज कोरडा आहे. स्टेशनवरच्या घोषणेसारखा, असं आमचे हे म्हणतात. संध्याकाळी जेवताना सासूबाई तिला विचारतात, "आज काय गंमत झाली गं?" आणि मला विचारतात, "उद्या नळाला पाणी कधी येणार?" ती बोलायला लागली की भाऊजी हातातला पेपर घडी करून ठेवतात आणि डोळे मिटून ऐकतात. माझ्या नवऱ्याने माझं बोलणं कधी डोळे मिटून ऐकलं असेल, तर ते झोप लागल्यामुळे.

मला तिचा हेवा वाटत होता. हे आडून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्यावर दात घासताना वाटायला लागायचा तो थेट रात्री कूस बदलेपर्यंत.

आमच्या किल्ल्यात बालेकिल्ल्याच्या पोटात एक खोली आहे. चौकोनी, बुटकी, वर दगडी घुमटाकार छत, मध्ये एक जाड खांब. तिथे बहुधा धान्य साठवत असावेत. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून अगदी हळू बोललं, की तो आवाज छताच्या कमानीवरून घरंगळत समोरच्या कोपऱ्यात उतरतो. मध्ये उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, पण समोरच्या कोपऱ्यात भिंतीला कान लावलेल्याला प्रत्येक अक्षर कळतं. ह्यात जादू काही नाही. दगड गुळगुळीत आहे आणि कमानीचा बाक बरोबर जुळून आला आहे. आम्ही तिला कुजबुजीची खोली म्हणतो आणि फेरीच्या शेवटी दाखवतो, म्हणजे लोक खूश होऊन घरी जातात.

ते दाखवायला दोघीजणी लागतात. एकीने एका कोपऱ्यात भिंतीला नाक लावून उभं राहायचं आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं, "कोण आहे तिकडे?" दुसरीने समोरच्या कोपऱ्यात एकेका पर्यटकाला भिंतीला कान लावू द्यायचा. बोलणारीने मान वळवायची नाही, कारण तोंड जरा हललं की आवाज कमानीवरून निसटतो. मग लोक संपले की नाही हे तिला कळणार कसं? म्हणून ती मधूनमधून भिंतीला विचारते, "जाऊ?" समोरची म्हणते "थांब" किंवा "जा". ही पद्धत आमच्या आधीपासूनची. आम्ही दोघी कामाला लागल्यावर मात्र साहेबांना त्यात विनोद सापडला. "एक जाऊ दुसऱ्या जावेला विचारते, जाऊ?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो. साहेबच ते, हसावं लागतं.

बोलायला नेहमी धाकटी उभी राहायची, कारण लोकांना तिचा आवाज आवडायचा. मी लोकांना कान लावू द्यायचे.

पहिल्यांदा मला काही वेगळं जाणवलं ते एका म्हाताऱ्या बाईंमुळे. त्यांनी भिंतीला कान लावला, ऐकलं, आणि दचकून बाजूला झाल्या. रुमालाने कान पुसत म्हणाल्या, "अगदी कानाशी येऊन बोलली हो. श्वास लागला मला तिचा." मी म्हटलं, "भास होतो तसा." त्या गेल्यावर मी त्या जागेवर हात ठेवून पाहिला. दगड कोमट होता. बाकीची भिंत गारठलेली होती. पण माणसांनी पाठोपाठ कान टेकल्यावर दगड कोमट होणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

मग एक गृहस्थ धाकटीजवळ जाऊन म्हणाले, "तुम्ही शेवटी जे म्हणालात ते फार छान होतं." त्यांचे डोळे भरले होते. ते गेल्यावर मी तिला विचारलं, "काय म्हणालीस गं त्यांना?"

"काही नाही ताई. आपलं नेहमीचंच. कोण आहे तिकडे."

"मग ते रडत का होते?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही. तिचं कुठलंच हसणं मला आवडत नसे, पण हे जरा जास्तच.

नंतर एकदा दुपारी खोली रिकामी असताना मी आत गेले. धाकटी तेव्हा बाहेर खंदकावरच्या पुलावर शाळेच्या मुलांना साखळदंड दाखवत होती. जंगीतून, म्हणजे भिंतीतल्या बाण मारायच्या फटीतून, मला ती स्पष्ट दिसत होती. ती हात हलवत होती, मुलं टाळ्या पिटत होती. मी कोपऱ्यात गेले आणि कान लावला.

आत कुणीतरी गुणगुणत होतं.

तीच चाल, जी ती घरी भांडी विसळताना गुणगुणते. अगदी हळू, आपल्याच नादात. मी पुन्हा जंगीपाशी गेले. पुलावर धाकटी मुलांना रांगेत उभं करून काहीतरी ओरडून सांगत होती. परत कोपऱ्यात आले. गुणगुणणं चालूच होतं.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मी ह्या खोलीत धाकटीच्या कितीतरी आधीपासून येते आहे. इथल्या छताचं माप मला पाठ आहे, कुठल्या सांध्यात चुना नव्याने भरलाय ते मला अंधारात सांगता येईल. एवढी वर्षं मी इथे बोलले, पण त्या दगडाला माझा एक शब्द जवळ ठेवून घ्यावासा वाटला नाही. आणि काल आलेल्या हिचं गाणं तो घोळवत बसला होता! घरची माणसं, साहेब, पर्यटक, ते समजू शकते. पण भिंतीनेसुद्धा?

मी भिंतीशी तोंड नेलं आणि म्हटलं, "कोण आहे तिकडे?" गुणगुणणं थांबलं. मी निघून दारापर्यंत आले तेव्हा ते मागे पुन्हा सुरू झालं.

त्याच सुमारास साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की आता पर्यटकांना कानाला लावायची यंत्रं द्यायची ठरली आहेत. बटण दाबलं की प्रत्येक दालनाची माहिती ऐकू येईल. त्यासाठी एकच आवाज ध्वनिमुद्रित करायचा. जोवर किल्ला उभा आहे तोवर तो आवाज किल्ल्याचा आवाज म्हणून राहील, असंही ते म्हणाले. मजकूर सगळा माझ्याच टिपणांवरून तयार केलेला होता. मी पदर सारखा केला. साहेब धाकटीकडे वळून म्हणाले, "मग कधी येताय रेकॉर्डिंगला?"

त्या संध्याकाळी घरी गोडाचं झालं. सासूबाईंनी तिची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच तिला तयार केलंत हं." मी म्हटलं, "तर काय." माझे शब्द, माझी मापं, माझी तारखांची पारख, आणि ते सगळं कायमचं तिच्या तोंडून ऐकू येणार. मी मेल्यावरसुद्धा लोक तिचंच ऐकत त्या जिन्याने चढत राहतील.

दुसऱ्या दिवशीची शेवटची फेरी. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, जंगीतून त्याचा पट्टा फरशीवर पडला होता. धाकटी तिच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी माझ्या कोपऱ्यात लोकांना एकेक करून कान लावू दिला. ते खूश होऊन गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, पावलं लांब गेलेली ऐकली, आणि आपल्या कोपऱ्यात परतले. धाकटीचा कोपरा खांबाआड येतो, तिथून दिसत नाही. मी कान लावला.

"जाऊ?" तिने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. उभी राहू दे म्हटलं भिंतीला नाक लावून.

"जाऊ?"

आवाज अगदी कानाच्या पाळीपाशी होता. म्हाताऱ्या बाईंना लागला तसा श्वास मलाही लागला. कोमट, ओलसर.

"ताई, जाऊ मी?"

तो गोडवा माझ्या डोक्यात गेला. विचारायची पद्धतसुद्धा कशी, जणू मी हो म्हणेपर्यंत ती जन्मभर तिथे उभी राहणार होती. मी भिंतीला ओठ टेकवले.

"जायचंय तर तो आवाज इथे ठेव माझ्यापाशी," मी म्हटलं, "आणि जा."

कमानीवरून काहीतरी घरंगळत आल्यासारखं वाटलं. आवाज नव्हे. वजन.

"बरं," असं ऐकू आलं.

मी कान काढून घेतला आणि खांबाला वळसा घालून गेले.

तिचा कोपरा रिकामा होता.

तेवढ्यात मागे दार वाजलं. धाकटी बाहेरून आत येत होती. एका हातात चाव्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात अर्धा प्यालेला चहाचा कप. चहाचं दुकान खालच्या दरवाजापाशी आहे. तिथे जाऊन, चहा घेऊन, चढ चढून यायला वेळ लागतो. ती केव्हाच गेलेली होती.

ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ हलले. मला ते नीट वाचता आले. "ताई, कुणाशी बोलताय?"

आवाज आला नाही.

तिने पुन्हा तोंड उघडलं, घशाला हात लावला. कप खाली पडला. तो फुटल्याचा आवाज मात्र खोलीभर घुमला.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. घसा स्वच्छ आहे, सूज नाही, बोलण्याचा ताण आला असेल, विश्रांती द्या, असं ते म्हणाले. मीही तेच म्हणत होते. रोज एवढं ओरडून तलवारबाजी करायची म्हणजे घसा बसायचाच. कोपऱ्यातल्या बोलण्याविषयी मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? प्रतिध्वनी उशिरा येऊ शकतो. माणूस थकला की काहीही ऐकू येतं.

आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. घरात एकदम शांतता झाली. सासूबाई मला विचारायला लागल्या, "मग, आज काय झालं किल्ल्यावर?" साहेबांनी पुन्हा बोलावलं आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं.

स्टुडिओ म्हणजे एक लहान खोली होती, भिंतींना फोम लावलेली, मध्ये काच. धाकटी हट्टाने माझ्याबरोबर आली. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिंगवाल्याशेजारी बसली. मी वाचायला लागले. ती मांडीवर हात ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि माझ्याबरोबर तिचेही ओठ हलत होते. मजकूर तिला पाठ होता. माझा मजकूर. मला चीड आली, पण मी वाचत राहिले. मध्येच ती पाणी प्यायला उठून गेली. नेमका तेव्हाच माझा घसा अडकला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "थांबा जरा, पाणी घ्या." ती परत येऊन बसली आणि माझा घसा मोकळा झाला.

त्याने आम्हाला वाचलेलं ऐकवलं. खालच्या पट्टीतला, थोडा ओलसर आवाज, वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा.

"हा माझा आवाज नाही," मी म्हटलं.

तो हसला. "सगळेच असं म्हणतात. आपला आवाज आपल्याला कधीच ओळखू येत नाही. फार सुंदर आहे हो."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. लोक कौतुक करायला लागले की माणसाला बरंच काही पटतं. किल्ल्यावर माझ्या फेरीला गर्दी व्हायला लागली. त्या दिवसांत धाकटी घरी बसायला तयार नसे. माझ्या घोळक्यात शेवटी उभी राहायची, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून. एकदा जिन्यापाशी आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "हं, आता करा वार!" माणसं हसून बेजार झाली. मी स्वतःच चकित झाले. असलं काही मी बोलत नाही.

घरी मी जेवताना बोलायला लागले की भाऊजी पेपर घडी करून ठेवायला लागले. मग एके दिवशी त्यांनी डोळेही मिटले. मला इतकं बरं वाटलं, की मी बोलतच राहिले. माझ्या समोर धाकटी बसली होती. तिचे ओठ हलत होते, आता सवयच झाली होती तिला.

तेव्हा पहिल्यांदा मी नीट पाहिलं.

तिचे ओठ माझ्याबरोबर हलत नव्हते. माझ्या आधी हलत होते.

मी वाक्य मध्येच बदलायचं ठरवलं. बुरुजाचं चाललं होतं, ते सोडून मीठ मागायचं. एवढंच, "मीठ द्या." मी ओठ जुळवले. धाकटीने ओठ मिटले आणि माझ्याकडे बघत शांतपणे घास चावला. माझ्या तोंडातून हवा आली, बाकी काही नाही. मग तिने पाण्याचा घोट घेतला, ओठ पुसले, हलवले. आणि बुरुजाचं राहिलेलं वाक्य मी पूर्ण केलं.

"किती गोड बोलायला लागली आहेस गं हल्ली," सासूबाई म्हणाल्या.

मी लिहून कुणाला सांगावं, असा विचार केला. काय लिहू? लोक माझ्या आवाजावर जीव टाकत होते. आणि अजूनही, हे सगळं कळल्यावरही, मला त्या कौतुकातला कणभर वाटा तिला द्यायचा नव्हता.

आज सकाळी धाकटी माहेरी गेली. हवापालट होईल, घशाला आराम पडेल म्हणून भाऊजीच तिला गाडीने सोडायला निघाले. निघताना ती माझ्या गळ्यात पडली. घरातल्या सगळ्यांना भरून आलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी ओट्यापाशी सासूबाईंना काल आलेल्या पर्यटकांचं काहीतरी सांगत होते. गाडी वळली आणि माझा शब्द अर्ध्यावर तुटला.

"अगं, बोल ना," सासूबाई म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या. "मग तो माणूस काय म्हणाला?"

मी उभी राहिले. त्या वाट बघत होत्या. त्यांना वाटलं, मी गंमत वाढवायला थांबले आहे. पातेल्यातलं दूध वर आलं, मी गॅस बंद केला. बराच वेळ गेला. गाडी एव्हाना मोठ्या रस्त्याला लागली असेल.

मग माझे ओठ उघडले.

"अहो, पुढच्या चौकातून डावीकडे घ्या," मी म्हणाले. "आणि सावकाश चालवा. माझ्याकडे बघू नका सारखं, रस्त्याकडे बघा."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं. आमचे हे घरात नव्हते.

"आता पोचेपर्यंत गप्प बसू या आपण," मी अगदी मायेने म्हणाले. "ताई दमल्या असतील."

"ताई कोण गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या अजून माझ्या तोंडाकडे बघत आहेत.